झिरी मारायला कोणतं मशीन घ्यावं? आधी भिंत बघू

आयटीआय करून, वायरमनचा परवाना काढून कराडला स्वतःची कामं घ्यायला लागलेल्या एका मुलाने विचारलंय : "काका, कन्सिल वायरिंगची (भिंतीच्या आत पाइप लपवून वायर नेण्याची) कामं मिळू लागलीत. आजवर छिन्नी-हातोड्याने झिरी (पाइप बसवायची खाच) मारली, आता मशीन घ्यायचंय. मार्बल कटर घेऊ, ग्राइंडर घेऊ की वॉल चेझर? व्हिडिओत पाच ब्लेडचं मशीन एका झटक्यात झिरी काढताना दिसतं, ते घ्यावं का? पहिलं मोठं काम दोन बीएचकेचं आहे. आरसीसी फ्रेम, बाहेरच्या भिंती नऊ इंची, आतल्या साडेचार इंची, सगळं विटेचं, प्लास्टर अजून व्हायचंय."

पुण्यात आणि अधूनमधून कोकणात २६ वर्षं हेच काम करतोय, त्यामुळे उत्तर थोडं लांबणार आहे. मशीनचं नाव पहिल्याच ओळीत सांगता आलं असतं, पण तसं सांगून उपयोग नाही. तू प्लास्टर व्हायचंय हे लिहिलंस ते बरं केलंस. बहुतेक जण तेच सांगत नाहीत, आणि अर्धा निर्णय तिथेच होतो.

कसा ते सांगतो. आपला पाऊण इंची पाइप म्हणजे बाहेरून २० मिमी. प्लास्टरच्या आधी झिरी मारायची असेल तर विटेत २५ मिमी खोली पुरते. पाइप विटेच्या पातळीच्या जरासा आत बसतो आणि वरून १२ ते १५ मिमी प्लास्टर येतं. तेच काम रिनोव्हेशनमध्ये, प्लास्टर झालेल्या भिंतीत करायचं तर वरून ३५ मिमी जावं लागतं. एक इंची पाइप असेल तर ४०. आता मशीनचा हिशोब बघ. ११० मिमीच्या ब्लेडचा मार्बल कटर साधारण ३४ मिमी कापतो. १२५ मिमीचं ब्लेड लागणारा चेझर (झिरी कापायचं दोन ब्लेडचं मशीन) ३० मिमीपर्यंत जातो, १५० मिमीचा ३५ पर्यंत, काही मॉडेल ४५ पर्यंत. म्हणजे नव्या बांधकामात जे मशीन आरामात चालतं, तेच जुन्या फ्लॅटमध्ये कमी पडतं आणि उरलेली खोली छिन्नीने काढावी लागते. खोकं बघून मशीन घेणाऱ्याला हे पहिल्या कामावर कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो.

भिंत किती खोल कापू देते हा दुसरा हिशोब. वीटकामाचं आयएस १९०५ हे मानक आहे. त्यात भार घेणाऱ्या भिंतीसाठी उभी झिरी जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नको, असं सांगितलंय. आडवी झिरी शक्यतो टाळायचीच. घ्यावीच लागली तर भिंतीच्या वरच्या किंवा खालच्या तिसऱ्या हिश्श्यात, आणि सलग एक मीटरपेक्षा लांब नाही. भार घेणारी भिंत अर्ध्या विटेची (साडेचार इंची) असेल तर झिरी मारायचीच नाही. तुझी इमारत फ्रेमची आहे, म्हणजे भार कॉलम-बीमवर, भिंती फक्त आडोशाच्या, म्हणून हा नियम तुला तसाच्या तसा लागू नाही. मी मात्र तिथेही पाळतो. साडेचार इंची म्हणजे ११५ मिमी, त्याचा तिसरा भाग ३८ मिमी. तेवढ्यात आपलं काम होतं. आडवी झिरी मारायची वेळ येते ती बहुधा स्लॅबमध्ये पाइप टाकताना नियोजन चुकलेलं असतं म्हणून. पाइप स्लॅबमधून आणून बोर्डावर सरळ उभा उतरवला की आडव्या झिरीची गरज फारशी उरत नाही.

वीट, ब्लॉक, चिरा आणि काँक्रीट या चार भिंतींचा स्वभाव वेगवेगळा आहे. तुझी भट्टीची लाल वीट सगळ्यांत सोशिक. ब्लेडला फार त्रास देत नाही, छिन्नीला लगेच सुटते. एएसी ब्लॉक, ज्याला आपल्याकडे अजून सरसकट सिपोरेक्सच म्हणतात, तो लोण्यासारखा कापला जातो. पण त्याला ठोकायचं नाही. हॅमर लावला की ब्लॉक सांध्यात हलतो, आणि महिन्याभराने प्लास्टरला केसासारखी तडा दिसायला लागते. तिथे दोन कट मारून मधला भाग हाताच्या खरवडणीने ओढून काढायचा. या कामासाठी वाकड्या दातांचं एक साधं हत्यार मिळतं, वीज लागत नाही, आणि ब्लॉकमध्ये ते भल्याभल्या मशीनपेक्षा साफ काम करतं.

कोकणातला चिरा निराळा. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, उघड्यावर राहून कडक होत जातो, आणि एकाच चिऱ्यात मऊ माती आणि लोखंडासारखी गाठ शेजारीशेजारी असते. ब्लेड मऊ भागात पळतं आणि गाठीवर आदळून उसळतं. तिथे मशीन दोन्ही हातांनी घट्ट धरून हळू चालवावं लागतं. आणि मालकाला चिऱ्याची भिंत उघडी ठेवायची असेल, प्लास्टर करायचंच नसेल, तर झिरीचा विचार सोडून दे. बांधकाम चालू असतानाच सांध्यात पाइप सोडायचा. रत्नागिरीकडच्या एका घरात हे वेळेवर ठरलं नाही, आणि सुंदर चिरेबंदी भिंतीवर शेवटी वरून वायरची पट्टी ठोकावी लागली. त्या भिंतीची मला आजही हळहळ वाटते.

काँक्रीटबद्दल मी अजिबात सवलत देत नाही. कॉलममध्ये सळीवर साधारण ४० मिमी कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, असतं, बीममध्ये त्याहून कमी. हे कव्हर म्हणजे सळीचं गंजापासूनचं संरक्षण. ३५ मिमी लावलेला चेझर कॉलमवर फिरवला तर ते संपलंच. डायमंड ब्लेड सळी कापतं तेव्हा हाताला फारसं काही जाणवत नाही, नुसत्या ठिणग्या दिसतात. बोर्ड कॉलमवर येत असेल तर मालकाला दाखवायचं आणि बोर्ड सहा इंच शेजारी सरकवायचा. मायवान पद्धतीच्या (साच्यात ओतलेल्या) इमारतींत तर सगळ्या भिंतीच काँक्रीटच्या आणि भार घेणाऱ्या असतात. तिथे एकही झिरी नाही. नवीन पॉइंट हवा असेल तर वरून केसिंग (वायर झाकणारी पट्टी) किंवा पॅनेलच्या मागून वायर. गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल.

आता मशीन. झिरी मारणं ही खरं तर दोन कामं आहेत. दोन समांतर कट एकाच खोलीचे मारणं हे एक, आणि मधली पट्टी उडवणं हे दुसरं. एकाच मशीनकडून दोन्ही करून घ्यायला गेलं की घोटाळा होतो.

कट मारायला बहुतेकांच्या हातात आधी येतो तो चार इंची ग्राइंडर, आणि सगळ्यांत जास्त अपघात मी त्याचेच पाहिलेत. कारण नीट समजून घे. चार इंची ग्राइंडर १०० मिमीच्या डिस्कसाठी बनलेला असतो आणि त्याच्या स्पिंडलला (ब्लेड बसतं त्या दांड्याला) १६ मिमीचं भोक लागतं. दुकानात सहज मिळणारं डायमंड ब्लेड मात्र मार्बल कटरचं, ११० मिमी आणि भोक २० मिमीचं. ते गार्डमध्ये (ब्लेडवरच्या संरक्षक झाकणात) मावत नाही, म्हणून पोरं गार्ड काढतात. भोक सैल बसतं, म्हणून ब्लेड केंद्रावर राहत नाही आणि थरथरतं. वर खोली ठरवणारा काही आधार नाही, सगळं मनगटावर. मिनिटाला ११,००० फेऱ्यांनी फिरणाऱ्या १२५ मिमीच्या ब्लेडची कड ताशी जवळजवळ २६० किलोमीटर वेगाने जात असते, चार इंचीची थोडी कमी, पण मांडी फाडायला पुरेशी. ते ब्लेड झिरीत अडकून उलटं आलं तर सरळ मांडीवर किंवा मानेवर येतं. एकाच ग्राइंडरवर दोन ब्लेडं मध्ये वॉशर घालून बसवण्याचा उद्योगही मी पाहिलाय. नटाला मग पुरेसे आटे मिळत नाहीत. असं मशीन दिसलं तर त्या खोलीत थांबू नकोस.

ग्राइंडरच घ्यायचा तर पाच इंची घे, म्हणजे १२५ मिमी, आणि त्याबरोबर कटिंगचं बंद गार्ड घे. त्याला भिंतीवर टेकणारा तळ असतो, खोलीचा थांबा असतो आणि धूळ ओढायला नळीचं तोंड असतं. एका वेळी एकच कट मारता येतो, पण सुरक्षित आणि सारख्या खोलीचा. वर तोच ग्राइंडर तुला ट्रे कापायला, अँगल कापायला, सगळीकडे लागतो.

मार्बल कटरला आडव्या दगडावर चालायची सवय. त्याला तळपट्टी असते, खोली लावता येते, किंमतही आवाक्यात. म्हणून महाराष्ट्रातल्या निम्म्या झिऱ्या त्यानेच मारल्या जातात, मीही वर्षानुवर्षं मारल्या. उभ्या भिंतीवर मात्र त्याची पकड अवघडलेली राहते, बटण लॉक करून चालवला की निसटल्यावर बंद होत नाही, आणि दोन रेषा हाताने मारल्यामुळे एक २८ मिमी तर दुसरी २२ असं होतं. मग पाइप तळाला बसत नाही, मध्येच फुगतो, आणि तिथे प्लास्टर पातळ राहून पुढे फुटतं. मार्बल कटर वापरणार असशील तर सूत मारून दोन्ही रेषा आधी आखून घे आणि बटण लॉक करू नकोस.

वॉल चेझर हे खास याच कामाचं मशीन. दोन ब्लेडं, मधलं अंतर रिंगांनी कमीजास्त करता येतं, ब्लेडं पूर्ण झाकलेली, भिंतीवर रोलरने सरकतं, आणि धुळीची नळी लागते. बॉश, मकिता यांची या प्रकारची मशीनं साधारण १,४०० वॉटची असतात, वजन पाच किलोच्या आसपास. पहिल्यांदा चालवलं तेव्हा मला विश्वास बसला नव्हता. बाणाच्या दिशेने मशीन हळूहळू नेलं की मागे दोन सरळ, सारख्या रेषा उमटत जातात, जणू पट्टी ठेवून पेनाने ओढल्या आहेत. बाणाच्या उलट नेलं तर मात्र ते झिरीतून पळायला बघतं, तेवढं सांभाळ. किंमत मार्बल कटरच्या कित्येक पट आहे हे खरं.

पाच ब्लेडच्या मशीनबद्दल तुला उत्सुकता आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. मोकळ्या विटेच्या भिंती, मोठा प्रकल्प, खाली चिखल झाला तरी चालतं, अशा ठिकाणी ते खरंच वेगवान आहे. छिन्नीचं काम जवळजवळ वाचतं. पण पाणी सोडावं लागतं, गाळ ओघळतो, मशीन जड असतं, आणि ४,००० वॉटच्या पुढचं असेल तर १७ अँपिअरहून जास्त ओढतं. म्हणजे १६ अँपिअरच्या सॉकेटच्याही बाहेर. साइटवरच्या तात्पुरत्या वायरीवर ते लावून बोर्ड वितळलेला मी बघितलाय. मोटरचे कार्बन आणि आर्मेचर (तिचा फिरणारा भाग) कुठे मिळेल हे विकणाऱ्याला विचारून बघ, उत्तरावरून काय ते समजेल. एकट्याने काम करणाऱ्या वायरमनला ते घ्यायला मी सांगणार नाही.

आता पट्टी उडवण्याचं काम, आणि इथे माझा स्वतःचा एक फटका सांगतो. पुण्यात एका जुन्या सोसायटीत काम होतं, साडेचार इंची भिंत, पलीकडे शेजाऱ्यांचं बाथरूम. कट व्यवस्थित मारले होते. पट्टी पटकन निघावी म्हणून हेल्परच्या हातात मोठा ब्रेकर दिला, एसडीएस-मॅक्सचा (जाड दांड्याची छिन्नी घेणारा). मी दुसऱ्या खोलीत होतो. दहा मिनिटांत शेजारच्या बाई दारात आल्या, हातात टाइलचा तुकडा. जाऊन पाहिलं तर पलीकडच्या तीन टाइल्स सुटलेल्या आणि एकीला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा. त्या रंगाची टाइल बाजारात राहिली नव्हती, त्यामुळे अख्खी भिंत बदलून द्यावी लागली, माझ्या खिशातून. शेजारच्या त्या बाई चढ्या आवाजात एक शब्दही बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. तेव्हापासून माझ्याकडे भिंतीच्या झिरीसाठी एसडीएस-प्लसचा (बारीक दांड्याची छिन्नी घेणारा) लहान हॅमरच वापरला जातो, दोन ते तीन ज्यूल ठोक्याचा, वजन तीन किलोच्या आत. घेताना एकच गोष्ट नक्की बघ, तीन मोड आहेत का. नुसतं ड्रिल, ड्रिल अधिक हॅमर, आणि नुसतं हॅमर म्हणजे छिन्नी. स्वस्तातल्या काही मशीनना तिसरा मोड नसतो, आणि मग छिन्नी लावली की ती गरगर फिरते. छिन्नी २० मिमीची घे, आणि सपाट धार झिरीच्या रेषेला समांतर, थोडी तिरकी धरून मार. भिंतीत सरळ रोखून मारलीस की विटेचा मागचा भाग सुटतो.

स्विचबोर्डाच्या बॉक्सच्या खड्ड्याचीही हीच रीत. मॉड्यूलर मेटल बॉक्स साधारण ५० मिमी खोल असतो. आधी चारही कडा कापायच्या, मग आत ८ मिमीच्या बिटने जाळीसारखी भोकं पाडायची, बिटला खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळायची, आणि मग छिन्नी. साडेचार इंची भिंतीत दोन्ही खोल्यांचे बोर्ड पाठीला पाठ लावून कधीच घेऊ नकोस. ५० आणि ५० मिळून शंभर झाले, मध्ये वीट उरतेच किती? किमान एक विटेचं अंतर ठेव.

धुळीबद्दल मला थोडं थांबून लिहायचंय, कारण मशीन निवडताना वॉट कुणीही विचारतं, धूळ कुणी विचारत नाही. वीट, वाळू, काँक्रीट, ब्लॉक या सगळ्यांत सिलिका असते. छिन्नीने मारताना खडे पडतात. ब्लेडने कापताना पिठापेक्षा बारीक धूळ होते. खिडकीतून उन्हाची तिरीप आली की दिसते ती जाड धूळ. जी दिसतच नाही ती फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते आणि तिथेच राहते. माझ्याबरोबर सुरुवातीपासून असलेला एक मिस्त्री तोंडाला ओला रुमाल बांधायचा, पंधरा-वीस वर्षं. आता तो दोन जिने चढून आला की कठड्याला धरून उभा राहतो. डॉक्टरांनी सिलिकोसिस सांगितलाय आणि तो बरा होत नाही, पुढे जाऊ न देणं एवढंच हाती असतं. रुमालाने ही धूळ थांबत नाही. एन९५ किंवा एफएफपी२ मास्क, नाकावरची पट्टी नीट दाबून, आणि दाढी असेल तर तो चिकटून बसत नाही हेही लक्षात ठेव. गॉगल आणि कानाचे प्लग यावर वाद नको.

म्हणून चेझर असो की गार्डवाला ग्राइंडर, त्याच्याबरोबर साइटचा व्हॅक्यूम हा मशीनचाच भाग समज. घरचा व्हॅक्यूम दहा मिनिटांत चोंदून बंद पडतो. साइटचा, आपोआप फिल्टर झटकणारा घ्यावा लागतो. तोही खर्चिक आहे. पण लोक राहत असलेल्या घरात काम करायचं असेल तर याच्याइतकं गिऱ्हाईक दुसऱ्या कशाने खूश होत नाही. मशीनही जास्त टिकतं, कारण या मशीनची आर्मेचर बहुतेक वेळा धुळीनेच जाते. व्हॅक्यूम नसेल तर संध्याकाळी ब्लोअरने हवेच्या जाळ्या साफ कर. बाटलीने पाणी मारत कापण्याची पद्धत वीटकामात धूळ कमी करते हे खरं आहे, पण पाणी मोटरच्या जाळीत शिरतं. तसं करणार असशील तर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारं) मध्ये असल्याशिवाय नको. खरं तर ते कोरड्या कामालाही हवंच. तात्पुरत्या बोर्डावर कायमचं बसवून ठेव.

ब्लेडबद्दल थोडक्यात. विटेला आणि काँक्रीटला तुटक दातांचं डायमंड, टाइलला अखंड कडेचं. ब्लेडवर लिहिलेला वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्त हवा. काँक्रीटवर चालवून ब्लेड मुकं झालं, नुसतं घासायला लागलं, तर फेकू नकोस. मऊ विटेत पाच-सहा कट मार, नवे हिरे उघडे पडतात आणि ते पुन्हा चालतं. लाकडाचं दातेरी ब्लेड ग्राइंडरवर कधीही नाही.

जुन्या घरात झिरी मारताना आधी चालू बोर्डांच्या सरळ वर आणि सरळ खाली रेषा काढ, वायर बहुधा तिथेच असते. पण 'बहुधा' यावर जीव टाकू नकोस. भिंतीतली वायर शोधणारा डिटेक्टर फिरव, त्या भागाची एमसीबी पाड आणि मशीनला वीज दुसरीकडून घे. बाथरूमच्या भिंतीत सीपीव्हीसीचा (प्लास्टिकचा) पाण्याचा पाइपही असतो, त्याला डिटेक्टर दाद देईलच असं नाही. नळ कुठे आहेत ते बघून आणि प्लंबरला विचारून घे.

तर कराडच्या कामाला काय घेऊ, हा तुझा खरा प्रश्न. सगळ्यांत आधी तीन मोडचा एसडीएस-प्लस हॅमर घे, तो झिरी नसेल तेव्हाही रोज लागेल. दुसरा, १२५ मिमीचा ग्राइंडर आणि त्याचं धुळीचं बंद गार्ड. चेझर आत्ता विकत घेऊ नकोस, भाड्याने आण. पुण्यात, कोल्हापुरात मशीन भाड्याने देणारे आहेत. मुंबईला जाणार असशील तर नागदेवी स्ट्रीटवर एकाच फेरीत पाच-सहा मॉडेल हातात धरून बघता येतील. धरून बघणं महत्त्वाचं, कारण दिवसभर ते वजन तुझ्या खांद्यावर असणार आहे. कंपनीपेक्षा कराड-साताऱ्यात तिचं सर्व्हिस सेंटर आहे का, ते आधी विचार. बॅटरीवरचं मशीन झिरीला नको, बॅटरी टिकत नाही. स्लॅबला भोकं पाडायला मात्र ते छान.

दोन बीएचकेत सगळ्या खोल्यांचे पाइप उतरवायचे म्हणजे माझ्या अंदाजाने ६० ते ८० मीटर झिरी. आखणी पूर्ण करून ठेवली असेल तर चेझरने कट मारायचं काम एका दिवसात होतं, म्हणून भाडंही एकाच दिवसाचं. आदल्या संध्याकाळी सगळ्या भिंतींवर सूत मारून ठेव, बॉक्सच्या चौकटी पेन्सिलने काढ, मालकाला घेऊन एकेक खोली फिर आणि प्रत्येक बोर्डाची जागा त्याच्या तोंडून वदवून घे. खोली २५ मिमीला लाव, पहिला कट स्टोअररूममध्ये किंवा दाराच्या मागे मार आणि त्यात पाइपचा तुकडा ठेवून बघ. पाइप विटेच्या आत दोन-तीन मिमी बसला की तीच खोली शेवटपर्यंत ठेव. दुसऱ्या दिवसापासून तुझा हॅमर आणि छिन्नी. पाइप बसला की दर दोन फुटांवर खिळा-तार लावून तो आवळ. झिरी सिमेंट-वाळूने भर, ते वाळलं की वरून सहा इंच रुंदीची कोंबडी जाळी (चिकन मेश) ठोक आणि मगच प्लास्टरवाल्याला बोलाव.